दोनशे चौदा नंबरचा तागा

"आत्या, चष्मा राहू दे. नुसता हात फिरव आणि सांग, कोणाच्या हातचं कापड आहे ते."

भाच्याने माझा चहाचा कप उचलून खिडकीत ठेवला आणि टेबलावर कापड पसरलं. पांढरं, जाड, चादरीचं कापड. घड्यांवर पिवळं पडलेलं. कोपऱ्यात निळ्या शाईचा शिक्का: दोनशे चौदा. शाळेत असताना निकालाचा कागद माझ्या हातात देऊन हा जसा माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा, तसाच आता उभा होता. पन्नाशीला आलेला माणूस, स्वतः मास्तर, पण उभा राहायची तऱ्हा तीच.

मी अठ्ठावीस वर्षं गिरणीत कापड तपासलं. उतरत्या टेबलावरून तागा ओढायचा, उजेडात धरायचा, बोटांनी चाचपायचा, दोष सापडला की खडूने खूण करून विणणारीकडे परत. बायका मला घार म्हणायच्या. पाठीमागे हं, तोंडावर नाही. पण मागांच्या धडधडाटात ओरडून बोलायची त्यांना एवढी सवय, की त्यांचं कुजबुजणंसुद्धा मला दोन गल्ल्या पलीकडे ऐकू यायचं. म्हणू देत. घारीला दिसतं म्हणून घार म्हणतात, कोणी चिमणीला म्हणत नाही.

तर मी हात फिरवला. एकदा काठावरून, एकदा मधून. एका गाठीवर बोट अडकलं.

"हात बधिर झालेत रे माझे," मी म्हटलं. "आता काही कळत नाही."

"काय आत्या! अगं, आईचं आहे. तिच्या नंबराचा शिक्का बघ की!" तो हसला. "मॅनेजरच्या खोलीतल्या कपाटात सापडलं. तळाशी, कागदात गुंडाळलेलं. वर चिठ्ठी होती, 'उत्तम नमुना, जपून ठेवणे.' आईच्या हातची एवढी एकच वस्तू उरली आहे जगात. काचेच्या पेटीत लावणार मी. खाली पाटी, चोवीस वर्षं, एकही खाडा नाही."

गिरणी बंद पडून वीस वर्षं होऊन गेली. आता मागांच्या रिकाम्या खोलीत गावाचा इतिहास मांडायचं ठरलंय, आणि हे सगळं लचांड माझ्या भाच्याने आपणहून गळ्यात घेतलंय. फोटो, जुनी हजेरीबुकं, कुलपं, काय मिळेल ते गोळा करतो. एका भिंतीवर कायम कामगारांची नावं रंगवली आहेत. रविवारी उघडायचं होतं आणि हा दिवस होता गुरुवार.

इतिहास म्हणजे तरी काय आमचा? इथे नदी होती आणि माळ होता. आधी धुराडं आलं, मग माणसं आली. इतर गावांना गिरणी असते, इथे गिरणीला गाव होतं. सूतकात्यांची एक ओळ, विणणाऱ्यांची एक ओळ, रंगाऱ्यांची नदीकाठी. दुकान गिरणीचं, शाळा गिरणीची, घरंसुद्धा गिरणीची. दोन खोल्या, एक खिडकी, मागे नळ. आणि घराचा नियम साधा होता. घरातलं एक माणूस कामावर उभं, तोवर घर. सलग पंधरा दिवस खाडा झाला की नाव कापलं, आणि नाव कापलं की सामान रस्त्यावर. मग तुम्ही आजारी असा, बाळंत असा, नाहीतर मरायला टेका.

भाऊ तिशीत गेला. मागे वहिनी आणि हा एवढासा पोर. वहिनी मागांवर उभी राहिली म्हणून घर राहिलं. पोर सहा वर्षांचा असताना ती आजारी पडली. छातीत कापसाचा भुसा बसतो, तसं झालं. उठून उभं राहिलं की खोकला, खोकला थांबला की घेरी. डॉक्टर म्हणाला, सहा-सात महिने पडून राहा, नाहीतर पोराला अनाथ करशील. सोपं आहे सांगायला! माझ्या सासरी एका खोलीत आम्ही सात माणसं, दोघांना घेऊन जाऊ कुठे?

मग ओळीतल्या बायकांनी डोकं चालवलं. गेटवर फळा होता. आत जाताना आपल्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला त्यावर अडकवायचा, म्हणजे हजेरी लागली. पहारेकरी डोकी मोजायचा आणि बिल्ले मोजायचा. चेहरे बघायला त्याला वेळ कुठे? सहाशे बायका! तेव्हा रोज कोणीतरी एकीने आपला बिल्ला घरी ठेवायचा, वहिनीचा अडकवायचा, आणि दिवसभर वहिनीच्या मागांवर उभं राहायचं. प्रत्येकीने दहा-दहा दिवस, म्हणजे कोणाचेच पंधरा भरत नाहीत. ओळीचा मुकादम होता, त्याला माग चालू दिसले की झालं. त्याने डोळ्यांवर कातडं ओढलं, देव त्याचं भलं करो. पाळी कोणाची, कधी बदलायची, हे बघायचं काम माझ्याकडे आलं. मी नणंद ना.

पहिलीने दहा दिवस केले. दोन तागे भिकार आले. दुसरीचे त्याहून. माग ज्याचा त्याला कळतो. दुसऱ्याच्या मागावर हात बसत नाही. मॅनेजरने मला विचारलं, या दोनशे चौदाला झालंय काय? तिसरी पाळी डावरीची आली.

डावरी म्हणजे डाव्या हाताची म्हणून डावरी. पंचविशीतली, लग्न न झालेली, आईबरोबर सूतकात्यांच्या ओळीत राहणारी. तिचे माग वहिनीच्या शेजारीच. तिने विणलेला पहिला तागा माझ्या टेबलावर आला आणि मी बघतच राहिले. काठ सरळ, वीण एकसारखी, आणि गाठी अशा की चष्मा लावून शोधाव्या लागाव्यात. फक्त एक होतं. तुटलेला धागा जोडताना ती डाव्या हाताने गाठ मारायची, त्यामुळे गाठीचं शेपूट उलट्या बाजूला झोपायचं. साऱ्या खोलीत तसं तिचं एकटीचं. बाकी कोणाला दिसणार? मॅनेजर खूश. म्हणाला, हा तागा नमुना म्हणून ठेवा.

दहावा दिवस आला. चौथ्या बाईला सांगायची वेळ झाली होती, आणि मी सांगितलं नाही.

हे मी आजवर कोणाला बोलले नाही. मला वाटलं, कापड सुरेख येतंय, मॅनेजर गप्प आहे, राहू दे आणखी चार दिवस. चौदावा दिवस आला. म्हटलं, हजेरीचा कारकून एखादा दिवस इकडचा तिकडे करतोच. नाही केला मेल्याने. सोळाव्या दिवशी डावरीचं नाव कापलं.

मी रडत तिच्या घरी गेले. ती दारात केस विंचरत बसली होती. म्हणाली, "रडतेस काय? घर आईच्या नावावर आहे, आम्हाला कोण काढतंय! आता तर बरंच झालं. मला हजेरीच नाही, तर खाडा कसला? पाळ्या बंद करा. मीच जाते." आणि सात महिने गेली. वहिनीच्या बिल्ल्याने आत, वहिनीच्या बिल्ल्याने बाहेर. मजुरी वहिनीच्या घरी, आणि ही जेवायची आईच्या ताटात.

वहिनी बरी झाली, मागांवर परतली, घर राहिलं. डावरीला मात्र परत कायम केलं नाही. बदली म्हणून घेतलं. म्हणजे रोज सकाळी गेटबाहेर उभं राहायचं, कोणी आलं नाही तर त्या जागी आत, सगळे आले तर घरी परत. गिरणी बंद होईतो एकोणीस वर्षं ती बाई गेटबाहेर उभी राहिली. मी रोज तिच्यासमोरून आत जायचे.

आणि वहिनी? वहिनी तिच्याशी बोलेनाशी झाली. रस्त्यात दिसली की वाट बदलायची. मला राग यायचा, भांडलेही एकदा. पण माणसाचं असंच असतं बघा. फेडता न येणारा उपकार समोर उभा राहिला की नजर वर होत नाही. वहिनी सात वर्षांपूर्वी गेली, तेव्हाही हे तिच्या ओठांवर आलं नाही. सुरुवातीला घर जाईल म्हणून लपवलं, पुढे लाज म्हणून, आणि शेवटी सवय म्हणून.

आता हा पोर त्या ताग्याला काच लावायला निघाला होता.

शुक्रवारी सकाळी मी डावरीकडे गेले. आता सत्तरीला आली आहे. इतर विणणाऱ्यांसारखीच कानाने गेलेली. पण बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून तिला सगळं कळतं. मागांच्या गोंगाटात सगळ्याच जणी तसंच समजून घ्यायच्या. मी समोर बसून सगळं सांगितलं.

"मग? लावू दे की," ती म्हणाली.

"लावू दे काय लावू दे! तुझं कापड आणि तिचं नाव? आणि त्या भिंतीवर सहाशे नावं आहेत, त्यात तुझं नाही. बदल्यांची नावंच घेतली नाहीत."

"बदल्या कोण मोजतंय? लिहायचंच तर गेटावर लिहा म्हणावं. तिथे माझी पावलं उमटली असतील." आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. "हे बघ घारे, चोच बंद ठेव. तो पोर आईचं कौतुक गावभर सांगत फिरतो. त्याच्याजवळ आहे काय दुसरं? एवढ्यासाठी त्याची आई काढून घेऊ मी?"

मी उठले. दारापर्यंत गेले, तर तिने मागून हाक मारली.

"काठ कसा राहिलाय गं? सरळ आहे अजून?"

"सरळ आहे," मी म्हटलं.

"आणि पिवळं पडलंय?"

"घड्यांवर थोडं."

"कागदात ठेवलं ना मेल्यांनी. कापड कापडातच गुंडाळायचं असतं." ती हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसली. मी घरी आले. ती नाव नको म्हणाली होती, ते एक वेळ खरं असेल. पण स्वतःच्या हातचं कापड चाळीस वर्षांनी सापडलं आणि तिला ते काचेतून बघायचं, दुसरीच्या नावाने? माझ्या एका चुकीपायी तिचं आयुष्य गेटबाहेर गेलं. आता मीच पुन्हा गप्प बसू?

शनिवारी भाचा पाटीचा मजकूर दाखवायला आला. मी त्याला बसवलं आणि गाठ दाखवली. शेपूट कुठे झोपलंय ते दाखवलं. मग पहिल्यापासून सांगितलं. पाळ्या, बिल्ला, माझा दहावा दिवस, सगळं. सांगताना त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती. आता म्हणेल, माझ्या आईला खोटं पाडलंस. म्हणेल, तोंड बघणार नाही तुझं.

त्याने स्वतः त्या गाठीवर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे आई सात महिने घरी होती?"

"हो रे. पडून होती."

"मी पहिलीत असताना?"

"हो."

तो ताडकन उठला. "मी तुला विचारलं होतं, आत्या! दहा वर्षांचा असताना विचारलं होतं. म्हटलं होतं, मी शाळेतून यायचो तेव्हा आई खिडकीत असायची ना? तू काय म्हणालीस?"

मला आठवलं. खरंच आठवलं. तेव्हा अजून घराची भीती होती, पोर कुठे बोलून जाईल म्हणून.

"म्हणाले, स्वप्न पडलं असेल तुला."

"आईपण तेच म्हणाली. हजेरीबुकात बघितलं, तिथेही एक खाडा नाही. मी मानलं, आत्या. पन्नास वर्षांचा झालो तरी मला वाटतं, मी ते मनाने रचलं." त्याचा आवाज फाटला. मी त्याला एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी घाबरले होते ती त्या चोवीस वर्षांसाठी. त्यांचं त्याला काहीच वाटलं नाही.

त्याने कापड उचललं आणि तरातरा निघाला. मी चपला पायात अडकवून मागे.

डावरी ओट्यावर बसली होती. त्याने कापड तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसला. "मावशी, हे तुमचं आहे."

तिने आधी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत जावं. मग कापडाकडे न बघताच म्हणाली, "छे! शिक्का नाही दिसत? तुझ्या आईचं आहे."

"गाठी डाव्या हाताच्या आहेत."

"म्हातारीचं काय ऐकतोस? डोळे गेलेत तिचे. मीसुद्धा उजव्याच हाताने मारायचे गाठ. डावा हात वापरला की मुकादम मारायचा ना." आणि खरंच, कापडाच्या कडेचा एक सुटा धागा ओढून ती उजव्या हाताने गाठ मारायला लागली. बोटं अडखळत होती. धागा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. डावा हात मदतीला यायचा, आणि ती तो मांडीखाली दाबून धरायची. माझ्याने बघवेना.

भाच्याने तिचा हात धरून थांबवला. "राहू द्या, मावशी. कापडाचं जाऊ द्या. मला एवढंच सांगा. त्या दिवसांत आई घरी काय करायची?"

"मला काय ठाऊक बाबा?" ती पटकन म्हणाली. "मी दिवसभर तिच्या मागांवर..."

आणि थांबली.

ओट्याखालून एक कोंबडी गेली. डावरीने डावा हात हळूच बाहेर काढला आणि पहिल्यांदाच कापडावर ठेवला. काठावरून बोट फिरवत गेली, पार टोकापर्यंत.

"मला खरंच नाही ठाऊक रे," ती म्हणाली. "मी तिकडे जायचेच नाही. कोणी बघितलं असतं तर संशय आला असता. आणि नंतर तुझी आई... नंतर काही बोलणंच झालं नाही. बरी होती ना ती? नीट पडून राहायची ना?"

चाळीस वर्षं झाली आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

"मी सांगतो," भाचा म्हणाला. तो थोडा पुढे सरकला, तिला ओठ दिसावेत असा. मी वाट बघत होते की आता हा ओरडून बोलेल, आमच्याकडे सगळेच ओरडतात. पण तो अगदी हळू बोलत होता.

"ती खिडकीत बसायची, मावशी. मी कोपऱ्यावर वळलो की मला दिसायची. सगळ्या ओळीत एकट्या माझी आई घरी असायची. आणि तिचा आवाज हळू झाला होता. तोवर मला वाटायचं, आई म्हणजे ओरडूनच बोलते. त्या दिवसांत ती कानात बोलायची. मग कामावर गेली आणि परत मोठ्याने बोलायला लागली. म्हणून तर मला ते स्वप्न वाटलं."

"मग?" डावरी म्हणाली.

"तिला अक्षरं येत नव्हती. मी शाळेत जे शिकायचो, ते घरी येऊन तिला शिकवायचो. तिचा हात धरून पाटीवर गिरवायचो. ती मुद्दाम चुकायची, मी रागवावं म्हणून. मी रागावलो की हसायची, आणि हसली की खोकला यायचा. मग मी पाणी द्यायचो."

"शिकली?"

"शिकली की. सातव्या महिन्यात माझं पुस्तक स्वतः वाचून दाखवलं. अडखळत, बोट ठेवून. सगळं नाही, एक पान."

"एक पान," डावरी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. पुसायला गेली असती तर त्याच्या ओठांवरची नजर काढावी लागली असती.

तो मग इतकं हळू बोलायला लागला की शेजारी बसूनही मला काही ऐकू येईना. तिला मात्र सगळं कळत होतं. कापड दोघांच्या मध्ये पसरलं होतं. तो जरा थांबला, की ती त्याच्या गुडघ्यावर बोट टेकवून विचारायची, "मग? मग काय म्हणाली ती?"